पाचचं हवामान आणि आमची डिश

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (उजवा खांदा कामातून गेल्यामुळे तूर्त सातच अंगांनी. आठवं राहिलं.) तुझी तब्येत बरी असेल, तिकडची थंडी मानवत असेल, असं धरून चालतो. आम्ही सर्व खुशाल. गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार तेवढी गेली, तिचं पुढे येईलच. फोन सोडून पत्र का, असं विचारशील, तर फोन हॉलमध्ये आहे आणि फोनच्या शेजारी आई बसते.

तू पाठवलेलं खोकं पोचलं. डिश, तिला इकडून तिकडे फिरवणारी मोटर, रिसीव्हर आणि सात भाषांतलं एक पुस्तक, ज्यात आपली भाषा नाही. रविवारपासून रोज पाच वाजता तू टीव्हीवर हवामान सांगणार, हे मी जेवताना जाहीर केलं, तेव्हा आईने ताटावरून मान वर केली नाही. चार वर्षांपूर्वी तू तिच्या मनाविरुद्ध नोकरीसाठी गेलीस तेव्हापासून तिच्या तोंडी तुझं नाव नाही. तुझा विषय निघाला की तिला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं. पण हात धुताना म्हणाली, "रविवारी पाचला दिसली तर बघेन एकदा. नाही दिसली तर तो विषय या घरात पुन्हा काढायचा नाही." आईचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे तुला मी काय सांगावं!

गल्लीतल्या डिशवाल्याने मोटर पाहिली आणि असली फिरती भानगड आपण करत नाही म्हणून हात झटकले. मग मीच कंबर कसली. गच्चीत लोखंडी पाइप सिमेंटमध्ये रोवला. बाबा दोन तास ओळंबा धरून उभे होते. (ओळंबा सरळ होता, बाबा हलत होते.) पुस्तकातल्या चित्रांवरून एवढं कळलं की मोटरचं तोंड बरोब्बर दक्षिणेला केलं की पुढे हव्या त्या उपग्रहाकडे रिसीव्हर तिला आपणहून वळवतो. होकायंत्र छातीशी धरून मी दक्षिण काढली. रविवारी दुपारी मी गच्चीत, तुझी भावजय जिन्यात आणि बाबा टीव्हीसमोर, अशी साखळी लावली. पडद्यावर दोन पट्ट्या असतात. वायर जोडलेली असली की वरची भरते. उपग्रह खरोखर सापडला तरच खालची. हे बाबांना मी दोनदा समजावलं होतं. मी डिश जरा हलवावी आणि खालून निरोप यावा, "ऐंशी!" पुन्हा हलवावी, पुन्हा ऐंशी. मी खूश होऊन सगळे नट आवळून टाकले.

सव्वाचारला खाली आलो तर पडदा निळाशार. वरची पट्टी ऐंशी, खालची शून्य. दुपारपासून शून्य! बाबा म्हणाले, "वरची चांगली होती की. खालची सांगून तुझा धीर कशाला खचवायचा?" ताई, आपल्या घरात परीक्षेचा निकालसुद्धा पास झालेले विषय आधी मोजून सांगतात, हे मी विसरलो होतो. आई ठेवणीतली साडी नेसून, चष्मा पुसून त्या निळ्या पडद्यासमोर बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती, घड्याळाकडे बघत होती.

धावत वर गेलो. पुन्हा होकायंत्र काढलं आणि वाकलो, तर शर्टाच्या खिशातला पाना पायावर पडला. पाना पडला तशी सुईही सरकली. शेरभर लोखंड खिशात घेऊन मी दक्षिण शोधत होतो, आणि दक्षिण बिचारी माझ्या खिशाकडे येत होती! नट सैल केले, मोटर फिरवली. टीव्हीसमोर आता तुझ्या भावजयीला बसवलं (ती दुसऱ्या घरातून आलेली, खरं बोलते) आणि बाबांना जिन्यात. ती ठणठणीत शून्य सांगे आणि बाबा ते इतक्या हळू आवाजात वर पोचवत की मला जिन्यात डोकवावं लागे. पावणेपाचला एकदाचं "साठ!" आलं. पण हा मधला उपग्रह. तुझा पार पश्चिमेच्या टोकाला. तुझ्या भावजयीने खाली रिसीव्हरला त्या उपग्रहाचा आकडा दिला आणि डिश म्हाताऱ्या माणसाने मान वळवावी तशी वळायला लागली. पाचला चार मिनिटं असताना ती कपड्यांच्या तारेत अडकली. मोटर गुरगुरायला लागली. पक्कड खाली राहिलेली. मी तारेला खांदा लावला आणि होतं नव्हतं ते बळ काढलं. तार तुटली, चार चादरी आणि मी खाली आलो, डिश पुढे गेली.

मग खालून काही आवाजच येईना. आकडा नाही, हाक नाही. जिना उतरायची माझी हिंमत झाली नाही. तसाच चादरींत बसून राहिलो. पाच वाजून सात मिनिटांनी तुझी भावजय वर आली, तिचे डोळे भरलेले. म्हणाली, दिसल्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसल्या. तू नकाशावर बर्फ दाखवलंस तेव्हा आई फक्त एवढंच म्हणाली, "एवढी थंडी, आणि हिच्या अंगात स्वेटर नाही." ताई, लपवायचं कशाला, त्या ओल्या चादरींतच मी रडून घेतलं.

असो. बाबांचे आशीर्वाद. उत्तर सवडीने पाठव.

तुझा,
डिशखालचा धाकटा

ता.क. बाबांचा कुस्त्यांचा चॅनेल दुसऱ्या टोकाला आहे, पण मोटर फिरवायला आई बंदी करते. फिरवली तर बिघडेल म्हणे. इतका खटाटोप करून बसवलेली फिरती डिश चार दिवस खांबासारखी तुझ्याकडे तोंड करून उभी आहे.

ता.क. २. आता खरं काम. तू आईला फोन कर. ती आपणहून करणार नाही, पण वाजला तर उचलेल. पत्र पोचायला पंधरवडा धरून, त्यानंतरच्या रविवारी मी बाकी सगळ्यांना तार बांधायला गच्चीत नेतो. बरोब्बर पाचला कर. त्या वेळी ती हमखास हॉलमध्ये असते, काही झालं तरी जागची उठत नाही. मी कळवलंय हे मात्र तिला कळू देऊ नकोस. ती आत्ता बाजारात निघालीय, तिच्याच हाती हे पोस्टात टाकायला देतोय.

ता.क. ३. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. पाचला तू टीव्हीवर असतेस, एवढं याला कळत नाही. सहाला कर. आणि बाहीची लांबी मोजून ठेव.
— आई