बद्द वाजणारा दगड

तिसगाव,
ता. ४ डिसेंबर २०२४

चि. ज्ञानेश्वर यास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. फोनवर तू नुसता हो आप्पा, हो आप्पा करतोस आणि मग रेंज गेली म्हणतोस, म्हणून लिहितोय. टेम्पोवाला हनुमंत गुहागरला माल टाकून आला. तो सांगतो, देवळाचं काम जोरात चाललंय आणि तू चार दिवसांपासून ओवरीत हात बांधून बसलायस. लाज कशी वाटली नाही? आपल्या तीन पिढ्या पाथरवटाच्या. काम समोर असताना रिकामं बसलेलं माणूस आपल्या घरात मी पाहिलेलं नाही. तुझी आई मात्र तुझीच बाजू घेते. लेकरू आजारी असंल, तुमी उगं कावू नका, म्हणते. आजारी असशील तर तसं कळव, नाहीतर गुमान कामाला लाग.

चिडलेला, तरी तुझाच,
आप्पा

गुहागर,
ता. १० डिसेंबर

ती. आप्पांस ज्ञानेश्वरचा शि. सा. न.

आजारी नाही, मीही चिडलोय. इथला दगड जांभा. तांबडा, भोकाभोकांचा. तुम्ही शिकवलंत तसा एकेका दगडावर हातोडी मारून कान दिला. खणखणीत वाजला तर देवाला, बद्द वाजला तर बाजूला. चाळीसच्या चाळीस बद्द! सगळे परत पाठवले. मुकादम पोट धरून हसला. जांभा असाच वाजतो म्हणे, आणि त्याचीच इथली जुनी देवळं खारा वारा खात उभी आहेत. ती मी जाऊन पाहिली. त्याचं खरं आहे.

माझी चूक मी कबूल केली. पण तेवढ्यावर त्याचं भागेना. बापाने चुकीचं शिकवलं असं सगळ्यांसमोर म्हण, मगच छिन्नी उचल, असा त्याचा हट्ट. माझ्या तोंडून ते निघणार नाही. बावीस तारखेचं तिकीट काढलंय. सुप्याला कारखान्यात काम बघेन.

आईला नमस्कार. रागवा, पण लोभ कमी करू नका.

आपला,
ज्ञानेश्वर

तिसगाव,
ता. १५ डिसेंबर

चि. ज्ञानेश्वर यास आशीर्वाद.

हनुमंत उद्या पुन्हा तिकडे निघालाय. हे पत्र त्याच्याच हाती देतोय.

अरे गाढवा, माझं नाव राखायला छिन्नी खाली ठेवलीस? असं करायला कुणी सांगितलं होतं तुला? मुकादमाचाही संताप येतो. कुणाचा बाप मध्ये आणायचं त्याला काही कारण नव्हतं. पण सगळ्यात जास्त राग माझा मला आला. मी काळ्या दगडाचा माणूस. तांबडा दगड जन्मात हातात धरला नाही, आणि दगड म्हटला की वाजलाच पाहिजे, असं तुला छातीठोक सांगून बसलो. दोन दिवस हे मनातून जात नाही.

तेव्हा सगळ्यांसमोर उभा राहा आणि माझा बाप चुकला, असं मोठ्याने सांग. मीच सांगतोय, त्यात माझा अपमान नाही. तिकीट रद्द कर. तुझ्या आईनेही बजावलंय, सुप्याला न्हाई जायचं म्हणून.

आणि वाजवून कळत नाही, तर हा दगड पारखतात तरी कसा, ते सविस्तर लिही. मला शिकायचंय.

या नव्या शिकाऊवर लोभ असू दे.

तुझा,
आप्पा