रेकॉर्डवरचा माझा आवाज

प्रिय रुरिको,

तुझा फोन आला तेव्हा दुकानात कढईत कोरोक्के, म्हणजे आपले बटाट्याचे कटलेट, तळत होते, म्हणून नुसती हं हं करत राहिले. उत्तर लिहूनच देते. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे म्हातारपणीही बदललं नाही.

रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं आपलं गाणं तेव्हा कुत्र्यानंही विचारलं नव्हतं. मोठ्या दुकानांच्या गच्च्यांवर आपण दोघी झालरीच्या झग्यात गायचो, समोर चार पोरं आणि एक पेंगणारे आजोबा. आता ओनोमिचीच्या बाजारात कॉलेजच्या पोरी तेच गाणं मोबाइलवर लावून माझ्या दुकानाशी येतात. "चिगुसाआजी, तो खालच्या पट्टीतला दुसरा आवाज तुमचा? गा ना, गा ना!" मी चिमटा हातात धरून गायचे. दरवेळी सूर हुकायचा. वय झालं गं बायांनो, म्हणायचे.

मग कुनिएदाबाई आल्या. जुनी विसरलेली गाणी शोधून त्यांच्या नव्या रेकॉर्ड काढतात त्या. स्टुडिओतली मूळ टेप त्यांनी मोठ्या हौसेनं लावली. आधी रेकॉर्डिंगवाल्याचा आवाज, "रुरिको, तिचाही भाग तूच गाऊन टाक. तिला काही झेपत नाही." मग तुझं हसू. "गाते की! पण तिला सांगू नका हं. तिला कुठं कळणार आहे!" आणि मग तू माझा आवाज गायलीस. कुनिएदाबाई खाली मान घालून बसल्या. त्यांनाही माहीत नव्हतं बिचाऱ्यांना.

मला तो दिवस लख्ख आठवला. तूच मला पिटाळलं होतंस, "पळ गं चिगुसा, पोटात कावळे ओरडतायत, कोपऱ्यावरचे गोड पाव आण." मी परतले तर म्हणालीस, तुझं मघाचंच छान झालंय, पुन्हा गायला नको.

मला जमत नसेल, मान्य. तोंडावर सांगितलं असतंस तर रडले असते आणि विसरलेही असते. पण माझी आई रोज सकाळी दुकान उघडताना ती रेकॉर्ड लावायची. "माझी पोर," म्हणून गिऱ्हाइकांना ऐकवायची. शेवटच्या आजारपणातही तिनं तेच मागितलं. ती तुला ऐकत गेली, रुरिको. आणि तिच्या अंत्यविधीला तू माझ्या शेजारी बसून डोळे पुसत होतीस. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

आता नव्या रेकॉर्डमध्ये कुनिएदाबाईंना ती स्टुडिओतली बडबडही ठेवायची आहे, आणि तू फोनवर म्हणालीस, नको म्हणून सांग, तुझंच हसं होईल. होऊ दे. मी होकार कळवला. टेप तू शेवटपर्यंत ऐकलेली दिसत नाही. गाणं संपल्यावर दार वाजतं आणि कुणीतरी धापा टाकत म्हणतं, "आणले! गरम आहेत, आधी रुरिकोला द्या!" अख्ख्या रेकॉर्डवर मी तेवढीच आहे. तेवढं मी कापू देणार नाही.

एके काळी तुझीच असलेली,
चिगुसा