शेवटचं पान

आई,

नमस्कार-बिमस्कार नंतर. आधी ऐकून घे.

तुझी ती आवडती धून काल मी पियानोवर शेवटपर्यंत वाजवली. पन्नाशीला टेकल्यावर!

लहानपणी मी बाहेरच्या खोलीत सराव करायचे आणि तू आत लोकांचे कपडे शिवायचीस. माझा एक सूर चुकला की तुझं मशीन थांबायचं. "वाकडी शिवण उसवावीच लागते. चल, पहिल्यापासून!" पियानो म्हणजे काय उशीचा अभ्रा आहे का गं? पहिलं पान मला झोपेतही यायचं, शेवटच्या पानापर्यंत मी कधी पोचलेच नाही. मग पाहुण्यांसमोर बोटं मध्येच अडली, तेव्हा तूच म्हणालीस, "हिच्या हातात कलाच नाही." पियानोचं झाकण तेव्हा बंद झालं ते झालंच.

आताची मास्तरीण माझ्या लेकीच्या वयाची आहे. ती म्हणाली, "शेवटच्या ओळीपासून सुरू करा. आधी एकच हात, तोही सावकाश. जिथे अडेल तेवढाच तुकडा घोटा." आठवड्याभरात जमलं. शेवटचं पान सगळ्यात सोपं आहे, आई! सगळ्यात सोपं! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

काल मध्ये एकदा चुकले. कानात तुझं मशीन थांबलं. मी नाही थांबले.

हे पत्र तुला पाठवणार नाही. वर दोनदा खाडाखोड झालीय. ती बघून तू म्हणशील, "पुन्हा लिही, पहिल्यापासून."

नाही लिहिणार.

तुझीच,
थोरली