दिलेलं परत मागायचं नाही

३ फेब्रुवारी
नाव दिलं. दिलं एकदाचं! वाचनालयाच्या मागच्या खोलीत गोधड्यांची अदलाबदल आहे. प्रत्येकीनं एक शिवायची, चिठ्ठीत जिचं नाव येईल तिला द्यायची. आपल्याला तिसरीच कुणाची तरी मिळणार. ग्रंथपालबाईंनी नियम वाचले — दिलेलं परत मागायचं नाही, मिळालेल्याला नाक मुरडायचं नाही. मी म्हटलं, म्हणजे लग्नासारखंच की. सगळ्या हसल्या.

घरी आले तर हे म्हणतात, दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करून हौस फिटत नाही का? नाही फिटत.

६ फेब्रुवारी
मला बेकरीवाली निघाली. पाव बांधून देते ती, थोराड, कमी बोलणारी. चिठ्ठीत एवढंच — नातीसाठी, दीड महिन्याची आहे, रंग कुठलाही चालेल.

चिठ्ठी वाचल्यापासून डोक्यात कपाटाचा वरचा कप्पा. लिहूनच टाकते. तिथे उशांच्या मागे एक पिवळं दुपटं आहे. गेल्या वर्षी लेकीला दिवस गेले तेव्हा शिवायला घेतलं होतं. चौथ्या महिन्यात सगळं संपलं. दुपटं अर्ध्यावर राहिलं, सुई तशीच टोचलेली. दवाखान्यातून ती इथेच आली. सोफ्यावर ते पडलेलं दिसलं, तर म्हणाली, "आई, हे मला पुन्हा दिसता कामा नये." मग मी तरी कुठे पाहिलंय त्याच्याकडे!

९ फेब्रुवारी
काढलं खाली. सुई गंजलीय, कापडावर तांबूस ठिपका उमटलाय. त्यावर हिरवं पान शिवलं.

आयतं अर्धं झालेलं आहे म्हणून घेतलं — असं स्वतःला सांगत होते. खोटारडी मेली! टाकवत नाही आणि घरात ठेववतही नाही, म्हणून घेतलं.

१४ फेब्रुवारी
जुने टाके बारीक, एकसारखे. आजचे बघवत नाहीत. तेव्हा हाताला घाई नव्हती, मनाला आनंद होता. आजचे सगळे उसवले. उद्या पुन्हा.

२१ फेब्रुवारी
दिलं. बेकरीवालीनं दुपटं आधी गालाला लावून पाहिलं, मग मान डोलावली.

मला मिळाली शाळेतल्या शिपाईबाईंची. निळी, जाडजूड, एक बाजू चांगली वीतभर लांब. नाक मुरडायचं नाही! यांना मात्र पसंत पडली. दुपारभर तिच्यात घोरत होते.

२६ फेब्रुवारी
लेकीचा फोन. इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच — "आई, ते पिवळं दुपटं आहे ना गं तुझ्याकडे?"

मी म्हटलं, "आहे ना. कपाटात."

का म्हटलं मी असं? तोंडातून निघून गेलं. रविवारी येते म्हणाली, बघायचंय म्हणाली. कशाला, ते सांगितलं नाही. विचारायचा मला धीर झाला नाही. पोर अजून तिथेच अडकलीय. रडायला काहीतरी हातात हवं असेल तिला. आणि मी ते वाटून मोकळी झाले!

२७ फेब्रुवारी
नियम धाब्यावर बसवून बेकरीत गेले. मागे चारपाच गिऱ्हाइकं ताटकळत होती, तरी सगळं सांगितलं. सांगता सांगता रडले, लाजच सोडली. तिनं हात पुसले आणि मला मागच्या खोलीत नेलं. नात दुपट्यावर झोपली होती, कोपरा मुठीत गच्च धरून. बेकरीवालीनं तिला अलगद उचललं, मूठ सोडवली, दुपट्याची घडी घातली. म्हणाली, "दुधाचा डाग पडलाय, राग मानू नका. न्या. लेकीपुढे कसला आलाय नियम?"

नातीनं भोकाड पसरलं. मी घडी घेऊन दारापर्यंत गेले. तिथून मागे फिरले, होतं तसं अंथरलं आणि निघून आले.

१ मार्च, रविवार
आली. जावयाचा ढगळ शर्ट अंगात, केस कसेतरी बांधलेले. स्वतःकडे लक्षच नाही पोरीचं. तिनं कपाटाकडे पाहिलं आणि मी सगळं सांगून टाकलं. फोनवर खोटं बोलले, तेही.

मग म्हणाली, "मला विचारावंसं नाही वाटलं तुला?"

तूच म्हणाली होतीस ना, दिसता कामा नये — हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. जेवायलाही थांबली नाही. हे तिच्यामागे बसस्टॉपपर्यंत गेले आणि एकटेच परत आले. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

४ मार्च
फोन नाही. दुकानात एका पँटीचा एक पाय चार बोटं तोकडा करून ठेवला. गिऱ्हाईक भला माणूस. म्हणाला, दुसराही तेवढाच करा, घरात घालीन.

७ मार्च
पाव आणायला गेले होते. बेकरीवाली आपणहून बोलली, हेच नवल! लेक परवा तिच्याकडे जाऊन आली म्हणे. दुपटं मागितलं नाही. नातीला दुपट्यासकट मांडीवर घेऊन तासभर बसली. रडली का, मी विचारलं. नाही म्हणाली. नुसती बघत होती, आणि जाताना नातीचे पाय दाबून गेली.

मला काहीच कळेनासं झालंय. फोन करावा की नको?

८ मार्च
सकाळीच आली, न कळवता. पिशवीतून स्वतःचे जुने, मऊ झालेले सदरे काढून माझ्या मांडीवर ठेवले. म्हणाली, "आई, पाचवा लागला. आता शिवायला घे."