विनयचा ग्रह

मयूर विहार, दिल्ली
७ डिसेंबर २०२५

ती. कुमुदिनीआत्यास,

क्षिप्राचा सा. न. वि. वि. (याचा अर्थ आईला विचारून घेतला. साष्टांग नमस्कार खुर्चीत बसूनच घातलाय, चालवून घे.)

पत्रास कारण, प्रणिताताईचं लगन. काल तिचा फोन आला. मामा, म्हणजे आमचे बाबा, येणार का, एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. तुला फोन करावा तर पत्र लिही म्हणून ठेवून देतेस. व्हॉट्सॲप तर बाबांनी एका दिवसात त्या ग्रहाचे चौदा व्हिडिओ पाठवले तेव्हाच काढून टाकलंस. पोस्टाच्या पाकिटातून फॉरवर्ड येत नाहीत, हे तुझं म्हणणं बिल्कुल मान्य. फक्त इथे पोस्टाचं पाकीट मागितलं की दुकानदार माझ्याकडे काळजीने बघतो.

बाबांचा कार्यक्रम जोरात आहे. रोज संध्याकाळी सोसायटीच्या पार्कात चार रिटायर्ड अंकल गोळा करून सांगतात की नेपच्यूनच्या पलीकडे एक प्रचंड ग्रह लपलाय आणि सगळ्या सरकारांना ते माहीत आहे. स्वतः तीस वर्षं सरकारी नोकरी करून त्यांना वाटतं की सरकारला एवढं सगळं माहीत असतं! तो आधी २०१२ मध्ये आदळणार होता, मग २०१७ मध्ये. आता तारीख देत नाहीत, अनुभवाने शहाणे झालेत. सध्या इथल्या हवेत समोरची बिल्डिंग दिसत नाही, पण बाबांना नेपच्यूनच्या पलीकडचं दिसतं.

लगनाचा विषय काढला की म्हणतात, जिथे मला वेडा समजतात तिथे मी नवरीच्या मागे उभा राहून काय करू. तुमचं नेमकं काय बिनसलं ते मला कुणी सांगितलेलंच नाही. तू सांग, म्हणजे काही करता येईल.

माझ्यावर आहे तेवढा जीव राहू दे, वाढला तर उत्तमच.

तुझी,
क्षिप्रा

सातारा
१६ डिसेंबर २०२५

चि. क्षिप्रास आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ‘लग्न’ हा शब्द दोन्ही वेळा ‘लगन’ असा लिहिला आहेस. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तरी लाल पेन हाताशी येतंच. पण दिल्लीत वाढलेल्या मुलीला तेवढं माफ.

बिनसलं ते आमच्या या घराच्या वास्तुशांतीत. २०१७ साल. पंगत बसली होती आणि तुझे वडील माझ्या सासरच्या माणसांना सांगत होते की येत्या सप्टेंबरात एक अज्ञात ग्रह पृथ्वीवर आदळणार. मी वाढता वाढता विचारलं, की मग मठ्ठा आत्ता वाढू की आदळल्यावर. सगळी पंगत हसली. विनय भरल्या पानावरून उठला आणि संध्याकाळच्या गाडीने दिल्लीला गेला. आठ वर्षं झाली. सप्टेंबर येऊन गेला, पृथ्वी आहे तिथेच आहे, हा मात्र परत आला नाही.

खरं दुखणं सांगते. विनयने एक ग्रह करून घेतला आहे. ग्रह आहे, चांगला मोठा आहे, मी तो नाकारत नाही. इतकी वर्षं दुर्लक्ष केलं, ते चुकलं. तो दूर व्हायला हवा, पण माझ्या एकटीच्या हाताने तो हलायचा नाही.

लग्न फेब्रुवारीत आहे. मामा नसला तर गुरुजी मांडवातल्या कुणालाही नवरीमागे उभं करतील. पण प्रणिताने बजावलं आहे, दुसरं कुणी नको, जागा रिकामी राहू दे. ती हे बोलली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी आवरली.

आईला आशीर्वाद सांग. वडिलांना सांगायचं की नाही ते तूच ठरव. तुझी माया इकडे अशीच येत राहो, शक्यतो शुद्धलेखन तपासून.

तुझी,
आत्या

मयूर विहार, दिल्ली
२८ डिसेंबर २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि. (या वेळी उभं राहून.)

यार आत्या, कमाल केलीस! तू सायन्सची टीचर, तू त्यांचा ग्रह मानशील असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. आणि वर तो दूर जायला हवा अशी काळजीपण करतेस! टेन्शन नको घेऊ. मी वाचलंय, असलाच तर तो इतका दूर आहे की सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला हजारो वर्षं लागतील. तुझ्या हाताने हलवायची काही गरज नाही.

मी धावत जाऊन बाबांना ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली: ग्रह आहे, चांगला मोठा आहे, मी तो नाकारत नाही. म्हटलं, बघा, आत्याने मान्य केलं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला, पत्र माझ्या हातातून घेतलं आणि बाल्कनीत जाऊन बसले. एवढ्याशा पत्राला किती वेळ लागावा! आत आले तेव्हा डोळे पुसत होते. म्हणाले, पोल्यूशन. मग लगेच तिघांची साताऱ्याची तिकिटं काढली. पत्र परत मागितलं तर देत नाहीत. पार्कातसुद्धा सांगून झालं, ताईचं पत्र आलं म्हणून.

तर चलो, मामा येतोय! एकच रिक्वेस्ट आहे. लग्नात (बघ, बरोबर लिहिलं) ग्रहाचा विषय निघाला तर फक्त मान हलव.

जीव लावतेसच, आता बक्षीस म्हणून थोडा जास्त लाव.

तुझी,
क्षिप्रा

सातारा
६ जानेवारी २०२६

चि. विनयास अनेक आशीर्वाद.

आठ वर्षांनी तुला लिहिते आहे, तेही तुझ्या लेकीचं मराठी निस्तरण्यासाठी. मी तिला लिहिलं, की तू ग्रह करून घेतला आहेस. म्हणजे तू माझ्याबद्दल मनात एक समजूत धरून बसला आहेस, की ताई आपल्याला वेडा समजते. त्या गुणी मुलीने तो ग्रह उचलून थेट आकाशात ठेवला. पोरीला पोहे जमतात असं ऐकते. मराठीही थोडं शिकवा.

तेव्हा माझं म्हणणं स्पष्ट सांगते. नेपच्यूनच्या पलीकडे बर्फाळ गोळ्यांच्या कक्षा एकाच बाजूला झुकलेल्या दिसतात, म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात की तिथे एखादा मोठा ग्रह त्यांना ओढत असावा. दुसरे म्हणतात, आपण आकाशाचा तेवढाच भाग पाहिला म्हणून तसं वाटतं. अजून कुणाला तो दिसलेला नाही. उद्या सापडला तर मी पेढे वाटेन. पण तुझा तो आदळणारा, सरकारांनी लपवलेला ग्रह मी मानत नाही, आणि मुलीच्या लग्नासाठीसुद्धा मान हलवणार नाही. मठ्ठ्याचा विनोदही मागे घेत नाही. चांगला होता तो.

या गैरसमजापायी तिकिटं काढली असशील तर रद्द कर. तुला खोटं सांगून मांडवात आणलं असं मला व्हायला नको. पण रद्द केलीस तर मला फार वाईट वाटेल, विनू. प्रणितापेक्षा जास्त. तिला एक दिवस मामा लागेल, मला भाऊ रोज लागतो.

तुझ्या मनात माझ्यासाठी जागा उरली असेल तर कळव.

ताई

मयूर विहार, दिल्ली
१४ जानेवारी २०२६

ती. ताईस विनयचा शि. सा. न. वि. वि.

मी दिल्लीत राहतो, दिल्लीत वाढलेलो नाही. ग्रह करून घेणं म्हणजे काय ते मला कळतं. क्षिप्राने ती ओळ वाचली तेव्हाच कळलं होतं. ती बिचारी आनंदाने नाचत होती, तिला कशाला थांबवू? बाल्कनीत बसून मी पूर्ण पत्र तीनदा वाचलं. प्रणिता जागा रिकामी ठेवणार, हे वाचल्यावर पुढचं काही दिसेना. पोल्यूशन इथे खरंच फार आहे.

तिकिटं मी त्यानंतर काढली. तू माझा ग्रह मानलास म्हणून नव्हे. आठ वर्षं मला यायचं होतं आणि निमित्त मिळत नव्हतं. २०१७चा सप्टेंबर निघून गेला तेव्हा तू फोन करून चिडवशील म्हणून मी महिनाभर वाट पाहिली. तू केला नाहीस. त्याचा राग जास्त आला होता.

ग्रहाबद्दल म्हणशील तर तू लिहिलेलं शास्त्र ठीक आहे, पण अपुरं आहे. पार्कातल्या चौघांचंही तेच मत पडलं. समक्ष समजावून सांगेन. क्षिप्राला यातलं काही कळवू नकोस. आपल्या दोघांना तिनेच एकत्र आणलं असं तिला वाटतंय, आणि ते खरंही आहे.

दोन दिवस आधी पोचतो. साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर आहे म्हणून होणाऱ्या जावयाला, ड्रायव्हरला, कुणाला पाठवू नकोस. तू ये.

विनू