चूलवाली मागली खोली

कार्तिक शु. ५, शके १७८६. उमरावती.

खोली मिळाली! दीड महिना अडत्याच्या दुकानात वळकटी टाकून काढला, आता स्वतःचे दार. कापसाचा बाजार हाकेच्या अंतरावर. घर भागीरथाबाईंचे. विधवा, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. इथे त्यांच्या सासऱ्याचे शेत होते. कापसामुळे गावात माणूस मावेनासा झाला, तेव्हा बाईंनी ज्वारी सोडून खोल्या पेरल्या. सहा खोल्या, पाच गावचे पाच भाडेकरू; बाई स्वतः पलीकडच्या जुन्या घरात. मी नाशिकचा, म्हणून "नाशिकवाले". शेजारी करीम पिंजारी, तो "एलिचपूरवाले". जात इथेही विचारतात, पण गाव आधी विचारतात. फार आवडले.

सहावी, मागली खोली रिकामी. चूल तेवढ्या एकीलाच. पुढच्या पाचांना लागून कापसाचे कोठार, म्हणून तिथे ठिणगी चालत नाही. चिलीमसुद्धा रस्त्यावर. आम्ही सगळे खाणावळीत जेवतो. मागलीचे विचारले तर बाई म्हणाल्या, "थे चूलवाल्याची. जो बायको आणीन, त्याची."

घरचीला लगेच पत्र टाकले. लग्नाला तीन वर्षे झाली, त्यात एकत्र राहिलो चार महिने.

का. शु. १२

तुळशीचे लग्न. गल्लीत बाई सोडल्या तर तिशीच्या वरचे माणूस नाही. म्हातारा खोकत नाही, पोर रडत नाही, आणि मंगलाष्टके एकालाही धड येत नाहीत. पहिली ओळ सगळ्यांना पाठ. तीच पाच गावच्या पाच चालींत म्हटली. करीमने वातींना पिंजलेला कापूस दिला, असा मऊ की हातात आहे की नाही कळेना. बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "तुळस पळून जाईन रे, हळू म्हना!"

नाशिकला असे लग्न केले असते तर काकांनी कान उपटला असता. इथे उपटणारे कोणी नाही. ज्याने ही गल्ली वसवली त्याला दंडवत.

का. व. २

घरचीचे पत्र, म्हणजे मेहुण्याच्या हातचे. व. ४ ला निघतात. आगगाडीने भुसावळ, पुढे बैलगाडी, अकोल्याला दोन दिवस मुक्काम. खाली एक ओळ: "ताईची स्वतंत्र चूल असेल तरच ठेवीन, नाहीतर त्याच गाडीने परत आणीन." आहे बाबा चूल! दुकानात दिवसभर पत्रे लिहिताना हसतच होतो.

संध्याकाळी बाई दारात. टपालवाल्याने त्यांना सांगितले असणार. "नाशिकवाले, मंडळी येऊन राहिली काय?" मी चरकलो. न विचारता बायको आणून ठेवली असे वाटले की काय यांना? म्हटले, "छे छे! मुळीच नाही!" त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. पेढे घेऊनच खोलीचे पक्के करावे म्हणतो. उद्या परवा.

का. व. ६

पेढे घेऊन गेलो तर मागल्या खोलीत करीम चूल सारवत होता. "अम्मीले आनून राहिलो. तिले आता दिसत नाई, एलिचपूरले एकटी हाय."

डोके फिरले. तसाच बाईंकडे गेलो, तोंडाला येईल ते बोललो. विश्वासघातसुद्धा म्हणालो. बाईंनी सूप खाली ठेवले. "म्या इचारलं का नाई? मंडळी येऊन राहिली काय म्हून? तुमी काय म्हटलं? मुळीच नाई म्हटलं. आता कावून भांडता?"

"आली नव्हतीच! मग येऊन राहिली कशी म्हणू?"

करीम मागे उभा होता, ओले हात घेऊन. त्याने समजावले. "भाऊ, येऊन राहिली म्हंजे येत हाय. आली असती तं आली म्हटलं असतं."

ध चा मा म्हणतात तो असा होतो. दोन महिने या बाजारात बसतो, सहा वेळा तरी "गाडी येऊन राहिली" ऐकले असेल, आणि दर वेळी दारात जाऊन रिकामा रस्ता पाहून आलो. व्यापाऱ्यांची पत्रे लिहिणारा म्हणे मी! पेढे करीमला दिले. दुसरे काय करणार?

का. व. ८

बाईंची माफी मागितली. त्यांनी मनावर घेतले नव्हते. खोलीबद्दल मात्र, "दिली तं दिली. आंधळीले रस्त्यावर काढू काय?" खरे आहे. करीमला विचारायची मलाही लाज वाटली. दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

तिकडे ती निघालेली. पत्र पाठवून थांबवता येत नाही. दुसरी खोली पाहतो म्हणावे तर साऱ्या पेठेत भाडेकरू दाटीवाटीने बसलेत, ओसऱ्यासुद्धा दिलेल्या.

का. व. १३

करीमची अम्मी आली. भिंतीला हात लावत सबंध घर फिरली आणि म्हणाली, "अच्छा घर है, चुन्याचा वास येतो." मला तिचा राग येत नाही. यावा असे फार वाटत होते.

बाईंनी आज बोलावले. "माह्या चुलीले दोन तोंडं हायेत. एक तुमच्या मंडळीचं. म्या हात नाई लावणार त्याले." या बाईंसारखे माणूस नाशिकात पाहिले नाही. पण घरची परक्या घरचे पाणीसुद्धा घेत नाही, तशीच वाढवली तिला. आणि मेहुण्याची ती ओळ. एका चुलीचे दुसरे तोंड, याला स्वतंत्र म्हणतात काय?

मार्ग. शु. २

आली.

गाडी सकाळीच गल्लीच्या तोंडाशी थांबली. केसांत कापूस उडून बसला होता, तो झटकत ती सगळीकडे बघत होती. दारादारांतले पुरुष आदबीने आत गेले. ती हलकेच म्हणाली, "इथे सगळे तुमच्याच वयाचे?" मला वाटले, तिला आवडली गल्ली. मेहुण्याने बैल सोडले नाहीत. चूल दाखवा म्हणाला.

सगळे खरे सांगितले. माझी चूक, करीमची अम्मी, बाईंच्या चुलीचे दुसरे तोंड. मेहुणा ऐकता ऐकता कासरा हातात घेऊ लागला. "ताई, बैस."

ती बसली नाही. मला म्हणाली, "तुम्ही त्या बाईंना विश्वासघातकी म्हणालात?" हो म्हटले. "आणि तरी त्यांनी चूल दिली?" हो.

गाठोडे माझ्या हातात देऊन ती बाईंच्या दारातून आत गेली. राहते म्हणून सांगायला गेली, की नाही राहत म्हणून, ते मी विचारले नाही. आतून दोघींचे बोलणे ऐकू येते, शब्द कळत नाहीत. मेहुणा जुवावर हात ठेवून उभा आहे.