बायकांच्या बाजूचा पडदा

परतूर
१२ मार्च

प्रिय राजानंद,

'प्रिय' लिहिलं, पेन खाली ठेवलं, चहा करून आले, आणि तरी तो शब्द खोडला नाही. याचं श्रेय मायला दे, मला देऊ नकोस. तू पाठवलेला कागद मंगळवारी मिळाला, आणि त्यावर मायकडून काय करून घ्यायचं तो तुझा निरोपही फोनवर ऐकला. कागदाकडे मी शेवटी येते, कारण आधी तुझ्या सिनेमाबद्दल बोलायचं आहे. परतूरला त्याचा खेळ होऊन महिना झाला. तू तीनदा विचारलंस, ताई, कसा वाटला? मी दरवेळी परीक्षेचं काम पुढे केलं. आता सांगते. मला किळस आली. चित्रकलेची बाई आहे मी, शब्द थोडे वापरते आणि जपून वापरते. हाही जपूनच वापरला आहे.

आधी रंगाचं घे. तू शूटिंगला आलास तेव्हा भाद्रपद चालू होता. कपाशी कमरेला लागत होती आणि रुळांपलीकडचं गवतसुद्धा डोळ्यांत भरत होतं. पडद्यावर बघते तर सगळं परतूर हळदीच्या पाण्यात बुचकळून काढलेलं. आभाळ पिवळं, रस्ता पिवळा, मायचा चेहरा पिवळा. आमचे मुख्याध्यापक साहेबराव सर शेजारी बसले होते. ते हळूच म्हणाले, "बाई, हे आपलंच परतूर हाय का?" मी म्हटलं, आपलंच आहे सर, कावीळ झाली आहे. सर हसले. मग खेळ संपल्यावर बाहेर येऊन फार मायेनं म्हणाले, "तुम्ही कधी बोलल्या न्हाईत बाई, एवढे हाल काढले म्हणून." एकवीस वर्षं एका शाळेत काम करते आहे त्यांच्याबरोबर. आपल्या घरी दोनदा जेवून गेलेत. माझ्यापेक्षा त्यांनी तुझ्या पडद्यावर विश्वास ठेवला, आणि त्यांना दोष तरी कसा देऊ?

कारण घर तर खरंच आपलं होतं. फक्त त्यातली निळी भिंत तू राख आणि माती कालवून सारवून घेतलीस, जी मायनं आधीच्याच दिवाळीत पुंजाराम पेंटरच्या मागे उभं राहून रंगवून घेतली होती. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर उतरवलीस, का तर फ्रेममध्ये गर्दी होते. नळ होता त्यावर गोणपाट टाकलंस आणि मायला डोक्यावर हंडा देऊन रुळांच्या कडेनं चालवलंस, तेही इतकं सावकाश दाखवलंस की माणूस पाण्याला निघाला आहे की मयताला, ते कळू नये. गॅस झाकून मागच्या अंगणात चूल मांडलीस. अर्ध्या आयुष्यानंतर चुलीपुढे बसलेली बाई खोकणारच. तो खोकला तू ठेवलास, वर बासरी टाकलीस. शूटिंग म्हणून तिनं निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती, चौदा एप्रिलला नेसते ती. तू ती बदलायला लावलीस. मी काही बोलणार तोच तीच म्हणाली, "पोरगं म्हणून राह्यलं ना, मंग नेसते जुनं. त्याला काय व्हतंय."

आणि ती माशी. तुझ्या त्या मुंबईच्या सहायकानं वाटीत गुळाचं पाणी कालवलं आणि कापसाच्या बोळ्यानं मायच्या डोळ्याखाली लावलं. माशी बसेना. मग पुन्हा लावलं. माय डोळे न हलवता बसून राहिली, कारण तू सांगितलं होतंस, हलू नको. अर्ध्या तासानं माशी आली, आणि तुम्ही सगळे परीक्षा पास झालेल्या पोरांसारखे एकमेकांकडे बघून हसलात. कुठल्याशा मासिकात त्या माशीवर दीड पान आलं आहे, ते तूच मला पाठवलंस. माशी म्हणजे काळ, असं त्यात आहे. माशी म्हणजे गूळ, राजा. त्या दुपारी मायनं साबणानं चार वेळा तोंड धुतलं आणि तरी संध्याकाळपर्यंत हात सारखा डोळ्याकडे नेत होती.

तुला तो सिनेमा आठवतो का, संभाजीनगरला फिल्म सोसायटीत पाहिलेला? तू बारावीत होतास, मी नुकती नोकरीला लागले होते, आणि पासावर आपण दोघं गेलो होतो. परदेशी, जुना, काळापांढरा. इस्त्रीचं दुकान चालवणारी एक बाई. तिचा मुलगा लढाईत मारला गेल्याचं पत्र येतं. ती पत्र टेबलावर ठेवते आणि समोर पडलेला त्याचाच शर्ट इस्त्री करायला लागते. कॅमेरा तिच्या पाठीमागे उभा. तिचं तोंड दिसतच नाही. पाठ, वाफ, आणि कोपर पुढेमागे होतंय, एवढंच. बाही, मग कॉलर, मग एकेका बटणाच्या कडेनं. मला वाटलं आता वळेल, आता दाखवतील. नाही दाखवलं. मी त्या अंधारात इतकी रडले की शेजारच्या बाईनं रुमाल दिला. नंतर बसस्टँडवर भजी खाताना तू म्हणालास, ताई, कॅमेऱ्यालाही लाज असायला लागते. त्या एका वाक्यासाठी मी तुला पुण्याला शिकायला पाठवायचा हट्ट अण्णांपुढे धरला. तुझ्या सिनेमात शॉट तेवढेच लांब आहेत, हे मी घड्याळ न बघता सांगू शकते. पण तो कॅमेरा बाईच्या दुःखाकडे पाठ करून थांबला होता, आणि तुझा मायच्या नाकपुडीत शिरून थांबला.

अण्णांना हे बघायला लागलं नाही, बरं झालं. तू लहान होतास, तुला तंबू नीट आठवत नसेल. जांब समर्थच्या रामनवमीच्या जत्रेत सिनेमाचा तंबू लागायचा आणि अण्णा त्याच्या मशीनवर असायचे. पडदा मधोमध. मशीनच्या बाजूला पुरुष, पडद्याच्या पलीकडे बायका. पातळ कापडातून चित्र पलीकडेही उमटायचं, पण उलटं. मायनं लग्नानंतरचे सगळे सिनेमे तिकडून पाहिले. किती तरी वर्षं तिची समजूत होती की सिनेमातली माणसं डाव्या हातानं जेवतात. अण्णा तिला चिडवायचे, की तुझा हिरो डावरा, माझा उजवा. पाट्या आणि नावं उलटी यायची, त्याचं तिला काही नव्हतं. ती म्हणायची, "उलटं काय अन् सुलटं काय, मला सारखंच."

मग साक्षरतेचे वर्ग निघाले ते साल. वर्ग घेणारी बाई आठ दिवसांत यायची बंद झाली आणि मायला शिकवायचं माझ्याकडे आलं. मी तेरा वर्षांची होते. ती माझी पहिली विद्यार्थिनी. दिवसभर जिनिंगमध्ये कापूस उपसून यायची, केसांत सरकी अडकलेली, आणि पाटी घेऊन बसायची. पाटी पुसायचं काम तुझं होतं. तिनं 'बेबीनंदा' लिहिलं की तू फडक्यानं पुसायचास आणि ती पुन्हा लिहायची. अक्षरं आधी सुटी काढायची, आणि वरची रेघ शेवटी, जीभ दातात धरून, एका दमात. ज्या दिवशी तिनं जिनिंगच्या हजेरीवर पहिल्यांदा सही केली, त्या दिवशी मुकादमानं शाईची डबी आधीच उघडून ठेवली होती. तिनं ती स्वतःच्या हातानं बंद केली. घरी येऊन हे सांगताना ती हसत नव्हती, फक्त डबीचं झाकण कसं लावलं ते हातानं दाखवत होती.

त्याच्या पुढच्या रामनवमीला आपण तंबूत गेलो. ती नेहमीसारखी बायकांच्या बाजूला बसली. सिनेमा सुरू झाला, नावं आली. माय उठली. तुझा हात एका हातात, माझा दुसऱ्यात, सगळ्या बायकांच्या पायांवरून चालत कापडाला वळसा घालून पुरुषांच्या बाजूला आली आणि अण्णांच्या मशीनजवळ खाली बसली. कुणीतरी ओरडलं, बाई, तुमची बाजू तिकडं. ती म्हणाली, "मला उलटं वाचायचं न्हाई." अण्णांनी मशीन सोडून तिच्याकडे पाहिलं, आणि एवढ्यात पडद्यावर चित्र निम्मं खाली उतरलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्या दिवसापासून आपण तिघं कधी पलीकडे बसलो नाही. तुझ्या मुलाखतीत हा तंबू येतो, बापाच्या मशीनचा प्रकाश येतो. उठून आलेली माय येत नाही.

आता अंगठ्याचं. इतका वेळ मी ते टाळते आहे. सिनेमात कर्जाचा कागद पुढे येतो, मायचा डावा अंगठा शाईत बुडतो, एक हात कडेनं येऊन तिचं मनगट धरतो आणि अंगठा कागदावर दाबतो. पाऊण मिनिट पडदाभर तो अंगठा. रेषा नांगरलेल्या रानासारख्या दिसतात, असं सगळ्यांनी लिहिलं. कडेनं येणारा तो अनामिक हात म्हणजे व्यवस्था, असंही एकानं लिहिलं. बक्षीस मिळालं ते त्या शॉटला. ती शाई चार दिवस गेली नाही. भाजी घेताना माय अंगठा मुठीत धरून दुसऱ्या हातानं पैसे देत होती.

परतूरला मंगल कार्यालयात खेळ झाला तेव्हा तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं. पांढरी साडी, निळे काठ, नवा चष्मा. ती सिनेमा बघत नव्हती, वाचत होती. तुला ठाऊक आहे तिची सवय, दुकानांच्या पाट्यासुद्धा मोठ्यानं वाचते. निर्मात्याचं नाव वाचलं, तुझं नाव वाचलं आणि माझा हात दाबला. माशी आली, चूल आली. अंगठा आला तेव्हा मांडीवरचे हात पदराखाली घेतले. शेवटी काळ्यावर पांढरी अक्षरं आली आणि ती परत वाचायला लागली, एकेक शब्द, मागच्या चार रांगांना ऐकू जाईल असं. माझ्या. निरक्षर. आईला. अर्पण. टाळ्या सुरू झाल्या होत्या, तिचा आवाज त्यात बुडाला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "असं काहून लिहिलं त्यानं? पाटी तर तोच पुसत व्हता." स्टेजवर तिला शाल दिली, ती तिनं घडी करून खुर्चीवर ठेवली आणि आम्ही रिक्षानं घरी आलो. त्या दिवसापासून ती पाट्या वाचत नाही. पेपर येतो, तसाच पडून राहतो. बाजारात मी मुद्दाम विचारते, माय, त्या बोर्डावर काय आहे गं? ती म्हणते, तूच पाह्य.

आणि आता हा कागद. सिनेमा घरोघरी दाखवणाऱ्या कंपनीला मायची परवानगी हवी, तिची हरकत नाही म्हणून. खाली चौकट, आणि चौकटीशेजारी तुझ्या अक्षरात पेन्सिलनं लिहिलेलं, 'आईचा अंगठा इथे'. वर निरोप, की ताई, सही घेऊ नको, मी सगळीकडे तिला शिकलेली नाही म्हणून सांगितलंय, सही दिसली तर विचारतील, मागच्यासारखं शाळेतलं स्टॅम्पपॅड घेऊन ये. हो, मागच्यासारखं. तू मागितलंस आणि मी मधल्या सुट्टीत ऑफिसातलं पॅड पर्समध्ये घालून आणलं. माय अंगठा नीट दाबत नव्हती, तू वैतागला होतास, ऊन उतरत होतं, म्हणून मीच पुढे झाले. त्या हाताच्या मनगटावर काळा पट्टा दिसतो तो माझ्या घड्याळाचा. ज्या हातानं मी तिला बाराखडी गिरवायला शिकवली तोच हात, राजा. व्यवस्था म्हणतात ती मी. किळस मला कुणाची आली आणि महिनाभर मी गप्प का होते, ते आता तुला कळेल. हे मी मायलाही सांगितलं. ती म्हणाली, "मला काय ठाऊक न्हाई? तुझाच हात व्हता, म्हणून तर दाबू दिला." मग तिनं चष्मा मागितला. महिन्यानंतर पहिल्यांदा. बोट ठेवून सगळा कागद वाचला, त्याला अख्खी सकाळ गेली, आणि तुझ्या त्या चौकटीत सही केली. 'बेबीनंदा रामकिसन खरात'. जागा अंगठ्याएवढीच, त्यामुळे अक्षरं दाटीवाटीनं बसली आहेत, आणि वरची रेघ चौकटीच्या बाहेर गेली आहे. मी म्हणाले, माय, माशी काढायला सांगू, चूल काढायला सांगू, अंगठा तर काढायलाच लावू. ती म्हणाली, "राहू दे. त्याच्या कामाचं असंल ते. तेवढा एक शब्द काढ म्हणावं, मंग कागद दे." तेव्हा कागद तिच्या पेटीत आहे आणि पेटीची किल्ली तिच्याकडे. पोस्टानं येणार नाही. तो शब्द काढ, सिनेमा घेऊन घरी ये, आणि शेवटची अक्षरं तिच्यासमोर दाखव. निळी भिंत आम्ही पुन्हा रंगवली आहे, पण दोन तसबिरींच्या मध्ये चादर टांगायला जागा होईल. ती मोठ्यानं वाचेल, आणि तू तिच्या शेजारी बसून ऐकशील.

तुझीच, आणि पडद्याच्या कडेनं आलेल्या त्या हाताची,
ज्योत्स्नाताई